दहावीचं धातुविज्ञान: क्रायोलाइटमध्येही ॲल्युमिनियम आहे, मग तुटतो फक्त ॲल्युमिनाच का?

कळव्याची वैशाली

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर धातुविज्ञानाचा धडा घेऊन बसलो होतो. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे अभिक्रियाशील धातू विद्युत अपघटनानं मिळवतात, इथवर गाडी नीट आली. मग तिनं एकामागून एक तीन प्रश्न टाकले. पहिल्याचं उत्तर मी कसंबसं दिलं, बाकीच्या दोघांपाशी अडकले.

लोखंडासारखं ॲल्युमिनियमही त्याच्या ऑक्साइडपासून, म्हणजे ॲल्युमिनापासून, कोळशाबरोबर तापवून का काढत नाहीत? मिठाच्या पाण्यात वीज सोडली तर सोडियम का मिळत नाही, मीठ वितळवायची यातायात कशाला? आणि तिसरा, ज्यानं मी रात्रभर कूस बदलत राहिले: ॲल्युमिना विरघळवायला क्रायोलाइट घालतात. पण क्रायोलाइटमध्ये सोडियम आहे, ॲल्युमिनियम आहे, फ्लोरीन आहे. मग वीज त्याला सोडून नेमकी ॲल्युमिनाच कशी तोडते?

तिनं हाच प्रश्न क्लासमध्ये विचारला, तर "अभ्यासक्रमात नाही" एवढंच उत्तर मिळालं. पोरगी हिरमुसली. मला तिला नीट उत्तर द्यायचंय. कुणी सांगेल का?

येऊरचा वाटसरू

लेकीला शाबासकी द्या आधी. आम्ही दहावीला असताना हा प्रश्न चाळीसपैकी एकालाही पडला नव्हता.

वाशीची रसायनबाई

वैशालीताई, पहिले दोन मी घेते. अकरावी-बारावीला शिकवते, त्यामुळे हे दर वर्षी येतं.

पहिला. लोखंडाची ऑक्सिजनवरची पकड सैल असते, झोतभट्टीत कार्बन तो ऑक्सिजन ओढून घेतो. ॲल्युमिनियमची पकड फार घट्ट. कार्बननं तो सोडवायचा तर तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर न्यावं लागतं, आणि तिथे गेल्यावर सुटलेलं ॲल्युमिनियम कार्बनशीच जुळून कार्बाइड होऊन बसतं. एका हातातून सोडवलं आणि दुसऱ्यात अडकलं.

दुसरा. मिठाच्या पाण्यात सोडियमचे आयन असतात तसं पाणीही असतं, आणि ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर, इलेक्ट्रॉन घ्यायची संधी दोघांनाही असते. ज्याला कमी व्होल्ट लागतात तो आधी घेतो. पाण्यातून हायड्रोजन सुटायला सोडियमपेक्षा कितीतरी कमी जोर पुरतो. म्हणून हायड्रोजनचे बुडबुडे येतात, सोडियम द्रावणातच राहतो आणि ऋणाग्राभोवती कॉस्टिक सोडा तयार होतो. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचंही हेच. पाणी हजर असेल तर त्यांची पाळीच येत नाही. म्हणून पाणी नको, म्हणून वितळवायचं.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे पुस्तकी आहे. कारखाना पाहिलेला कुणी सांगेल तर जास्त बरं.

मीठबंदरकर

दुसरा प्रश्न लेकीला डोळ्यांनी दाखवता येतो, वैशालीताई. मी माझ्या पुतण्याला दाखवला होता. काचेच्या पेल्यात पाणी, चमचाभर मीठ, चिमूटभर हळद. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासायच्या, ९ व्होल्टच्या बॅटरीला वायरनं जोडायच्या आणि खालची टोकं पाण्यात. मिनिटभरात ऋण टोकाभोवती पिवळ्याचा तांबडा ढग व्हायला लागतो. धुण्याच्या साबणानं साडीवरचा हळदीचा डाग लाल होतो ना, तोच प्रकार. तो लाल ढग म्हणजे रसायनबाईंनी सांगितलेला कॉस्टिक सोडा. दुसऱ्या टोकाशी हळदीचा रंग उडतो, कारण तिथे क्लोरीन निघतो.

पारसिककर

मीठबंदरकर, थांबा. बंद खोलीत मुलांना क्लोरीन काढायला सांगू नका. थोडा असला तरी घशाला लागतो. मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या, मग धन टोकाशी ऑक्सिजन निघेल.

मीठबंदरकर

पारसिककर, धुण्याच्या सोड्यात हळद टाकल्या टाकल्याच लाल होते! मग बघायचं काय? पण काळजी रास्त आहे. आम्ही गॅलरीत केलं होतं, दोन मिनिटांत बॅटरी काढली आणि पेला मोरीत ओतून भरपूर पाणी सोडलं. मोठं माणूस शेजारी हवंच.

पारसिककर

हे आधी लिहायला हवं होतं. आता सहमत.

घणसोली ते बेलापूर

रसायनबाईंच्या मुद्द्याला एक जोड. "पाण्यातून सोडियम कधीच मिळत नाही" असं मात्र लेकीला सांगू नका, कारण एक वाट आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये होतो. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीत ऋणाग्र पाऱ्याचं असायचं, उतरत्या तळावरून वाहणारा पाऱ्याचा पातळ थर. पाऱ्यावर हायड्रोजन सुटायला बराच जादा व्होल्टेज लागतो आणि सोडियम पाऱ्यात विरघळून बसतो. त्यामुळे तिथे पाळी उलटते. मिठाच्याच पाण्यातून सोडियम पाऱ्यात शिरतो. मग ते सोडियम-पारा मिश्रण दुसऱ्या टाकीत पाण्याशी भेटवलं की कॉस्टिक, हायड्रोजन आणि पारा परत.

पारा किती घातक हे कळल्यावर ही पद्धत मागे पडली. आता पडदा लावलेले सेल असतात, सोडियमचे आयन पडद्यातून पलीकडे जातात आणि क्लोराइड अलीकडे राहतो. ज्यांनी पाऱ्याच्या सेलवर उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्या तब्येतीची चौकशी पुढे कुणी केली नाही, याची मला आजही चीड येते.

वाशीची रसायनबाई

छान भर घातलीत. मी वर्गात हे वगळते, पण आता सांगणार. ऋणाग्र कशाचं आहे यावरही पाळी ठरते, हे मुलांना कळायला हवं.

येऊरचा वाटसरू

अवांतर, पण विषयाला लागूनच. हे सगळं सुरू झालं १८०७ मध्ये. हम्फ्री डेव्हीनं लंडनला आधी पाण्यातल्या पोटॅशवर बॅटरी लावून पाहिली आणि हायड्रोजन-ऑक्सिजनच मिळाले, म्हणजे वैशालीताईंच्या लेकीचा दुसरा प्रश्न त्यालाही आडवा आला होता. मग त्यानं पाणी टाळलं. किंचित दमट केलेल्या पोटॅशच्या तुकड्यातून वीज सोडली, तो वितळला आणि पोटॅशियमचे पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले, काही तिथल्या तिथे पेटले. तो आनंदानं प्रयोगशाळेत नाचला, असं त्याच्या चुलतभावानं लिहून ठेवलंय. काही दिवसांतच सोडियम, आणि १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम.

गंमत अशी की आज पोटॅशियम मात्र विजेनं काढत नाहीत. वितळलेल्या क्लोराइडमध्ये तो पुन्हा विरघळून जातो आणि वाफही चटकन होते. म्हणून वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडवर सोडियमची वाफ सोडतात आणि सुटलेल्या पोटॅशियमची वाफ वेगळी गोळा करतात.

मीठबंदरकर

सोडियमसाठी मीठ ८०१ अंशांना वितळतं. कॅल्शियम क्लोराइड मिसळलं की ६०० च्या आसपास काम भागतं. त्या टाकीत सोडियम हलका म्हणून वर तरंगतो आणि धनाग्राशी क्लोरीन निघतो. दोघांची गाठ पडली तर पुन्हा मीठ, म्हणून मध्ये लोखंडी जाळी असते.

आमच्या खाडीच्या मिठागरांबद्दलही लिहायचंय. लहानपणी आजोबांबरोबर जायचो. मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात जे पाणी उरतं ते जिभेला कडू लागतं. आजोबा म्हणायचे, "हे खारं नाही, हे कडू." तो कडूपणा मॅग्नेशियमचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण सव्वा ग्रॅम मॅग्नेशियम असतं. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९४१ पासून समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम क्लोराइड काढून, ते वितळवून, विजेनं धातू काढायचे. आमच्याकडे तेच पाणी परत खाडीत जायचं.

कोल्हापुरी ठाणेकर

मिठागरांवरून आमच्या सड्यांवर या जरा. राधानगरीच्या बाजूला सह्याद्रीचे जे सपाट माथे आहेत, त्यांच्यावर जांभ्याबरोबर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, आहे. गावाकडं जाताना लाल धुळीनं माखलेले ट्रक बघतच मोठा झालो. ते बॉक्साइट बेळगावच्या रिफायनरीत जायचं. तिथं गरम कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिना विरघळवतात, लोखंडाचा लाल गाळ खाली बसतो आणि द्रावणातून पांढरं हायड्रॉक्साइड काढून ते भाजतात. ही बायरची पद्धत, १८८८ ची. म्हणजे घणसोलीवाल्या दादांचा कॉस्टिक सोडा इथं कामाला येतो बघा. ढोबळ हिशेब असा: ४ टन बॉक्साइट, २ टन ॲल्युमिना, १ टन धातू.

आणि एक बोलतोच. सडा एकदा खरवडला की पावसाळ्यातली ती फुलं, ते पाण्याचे उथळ खळगे परत येत नाहीत. झाडं लावली म्हणून सडा होत नाही. कढई घेताना मला तो सडा आठवतो.

नौपाड्याची सुगरण

कोल्हापुरी दादा, मनाला लागलं. माझ्या सासूबाई अजून "जर्मनचं पातेलं"च म्हणतात. मी ती पातेली भंगारात देत होते, त्यांनी अडवलं. म्हणाल्या, "जर्मनला मरण नाही, वितळवलं की परत नवं." खरं आहे का ते?

तळोजा फाटा

अगदी खरं, ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवायला नव्यानं काढण्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते. त्यात विजेनं ऑक्सिजन तोडायचा नसतो, फक्त ६६० अंशांना वितळवायचं असतं.

हिशेब मांडतो, वैशालीताईंच्या लेकीला आवडेल. २७ ग्रॅम ॲल्युमिनियमला ३ फॅराडे, म्हणजे ३ गुणिले ९६,५०० कूलोम. किलोला येतात सुमारे २,९८० अँपिअर-तास. टाकीवर सव्वाचार व्होल्ट धरले तर साडेबारा युनिट, आणि थोडी वीज वाया जातेच, म्हणून प्रत्यक्षात १३ ते १५ युनिट. आमच्या घरी महिन्याला २५० युनिट पडतात. तेवढ्यात १८ किलोच्या आसपास ॲल्युमिनियम. महिनाभराचे पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर एका बाजूला आणि एका माणसाला उचलता येईल एवढा धातू दुसऱ्या बाजूला!

म्हणूनच आपल्याकडे कळवा-तळोज्याला फॉइल आणि पत्रे लाटायचे कारखाने आले, पण धातू काढायची भट्टी महाराष्ट्रात कुठेच नाही. ती कोरबा, रेणुकूट, हिराकुद, अंगुल अशा ठिकाणी, जिथे कोळसा किंवा धरण हाताशी आहे.

पारसिककर

म्हणजे कोळशानं थेट ॲल्युमिनियम निघत नाही म्हणून वीज वापरायची, आणि ती वीज कोळसा जाळून करायची. वर धनाग्रही कार्बनचंच. मग फायदा कुणाचा? मला तर ही पद्धतच चुकीच्या पायावर उभी वाटते.

तळोजा फाटा

पद्धत नाही, वीज चुकीची म्हणा. आइसलँड आणि नॉर्वेमध्ये हेच काम मुख्यतः पाण्याच्या विजेवर चालतं.

पारसिककर

आपण आइसलँडमध्ये राहत नाही, कोरब्याची राख कोरब्यातच उडते. पण भंगाराचा मुद्दा पटला. माझ्या घरातले फॉइलचे डबे आजपासून धुऊन वेगळे ठेवणार.

येऊरचा वाटसरू

चर्चा रंगली, पण वैशालीताईंचा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. क्रायोलाइट का तुटत नाही?

निवृत्त पॉटमन

सगळं वाचलं. मी वर्तकनगरला राहतो. राज्याबाहेरच्या एका स्मेल्टरमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियम काढायच्या कारखान्यात, ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली १२ थेट पॉटवर, म्हणजे धातू काढायच्या टाकीवर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बल्बवरून शिकलो, म्हणून तसंच सांगतो.

आधी पॉट डोळ्यांसमोर आणा. स्टीलची लांबलचक पेटी, आतून कार्बनचं अस्तर, तेच ऋणाग्र. वरून कार्बनचे मोठे ठोकळे लोंबतात, ते धनाग्र. मध्ये ९६० अंशांचा वितळलेला क्रायोलाइट, त्याला आम्ही 'बाथ' म्हणायचो. त्यात ॲल्युमिना साखरेसारखी विरघळते. पुस्तकात "द्रवणांक कमी करण्यासाठी" असं वाचून वाटतं की ॲल्युमिना स्वतः वितळते. वितळत नाही हो, विरघळते. तिचा द्रवणांक २००० च्या वरच राहतो. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या हॉलनं आणि फ्रान्समधल्या एरूनं, एकमेकांची ओळख नसताना, हाच द्रावक शोधला. दोघंही जेमतेम बाविशी-तेविशीतले.

धातू बाथपेक्षा थोडा जड, म्हणून तळाशी साठतो. वर बाथची साय धरल्यासारखी कडक खपली बसते. दिवसाआड व्हॅक्यूमच्या नळीनं धातू ओढून घ्यायचा. ३ लाख अँपिअरचा पॉट असेल तर दिवसाला सव्वादोन टन धातू. चुंबकीय क्षेत्र इतकं की माझ्या लग्नातलं चावीचं घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. धनाग्राचा ठोकळा तीन-चार आठवड्यांत झिजतो, कारण सुटलेला ऑक्सिजन त्यालाच खातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. वैशालीताई, पुस्तकात "धनाग्रं मधूनमधून बदलावी लागतात" असं येतं, त्याचं कारण हे.

आता बल्ब. आमच्या जुन्या लाइनमध्ये, म्हणजे पॉटांच्या रांगेत, प्रत्येक पॉटच्या डोक्यावर एक बल्ब असायचा. पॉट नीट चालू असला की बल्ब विझलेला. बाथमधली ॲल्युमिना संपत आली की बल्ब भक्कन पेटायचा. ४ व्होल्टवरून पॉट एकदम ३० च्या वर जायचा. बाथचा आवाज बदलायचा, धनाग्राखालून ठिणग्या. कुणीतरी "पॉट लागला!" ओरडायचं आणि आम्ही खपली फोडून ॲल्युमिना आत ढकलायचो, मग ओल्या लाकडाचा लांब दांडा धनाग्राखाली खुपसायचा. लाकडातली वाफ आणि वायू बाथ ढवळून काढायचे, धनाग्राखालची वायूची चादर फाटायची, बल्ब विझायचा. चेहऱ्यावरचा घाम वाळून मिठाची पापुद्री धरायची.

मुद्दा हा की त्या मिनिटांत क्रायोलाइट तुटत असतो! ॲल्युमिना असेपर्यंत धनाग्रावर ऑक्सिजन सुटतो, कारण त्याला कमी व्होल्ट लागतात. ती संपली की नाइलाजानं फ्लोराइडची पाळी येते. फ्लोरीन कार्बनशी जुळून असे वायू होतात जे धनाग्राखाली चादर धरतात आणि वीज अडवतात. तेच वायू हवेला कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पट जास्त तापवतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आता संगणक थोडी थोडी ॲल्युमिना सोडत राहतो, बाथमध्ये २ ते ४ टक्के. पॉट क्वचित लागतो.

म्हणून लेकीला सांगा, क्रायोलाइट तुटत नाही असं नाही. ॲल्युमिना आहे तोवर त्याची पाळी येत नाही.

वाशीची रसायनबाई

काका, वीस वर्षं शिकवतेय, पण इतकं स्पष्ट चित्र पहिल्यांदा दिसलं. मनापासून आभार.

ऋणाग्राची बाजू मी पुरी करते. बाथमधून वीज वाहून नेण्याचं बहुतेक काम सोडियमचे आयन करतात, पण ऋणाग्रावर साठतं ॲल्युमिनियम, कारण दोघांत कमी अभिक्रियाशील तेच. पुस्तकातला सुटा ॲल्युमिनियम आयन ही सोय आहे. तिथे तो फ्लोरीन-ऑक्सिजनच्या घोळक्यात असतो. त्यामुळे हा अणू ॲल्युमिनातून आला की क्रायोलाइटमधून, हे वेगळं काढता येत नाही. हिशेब एवढाच: आत जाते ॲल्युमिना, बाहेर येतो धातू, ऑक्सिजन कार्बनला घेऊन निघून जातो आणि फ्लोरीन जागच्या जागी राहतो.

परीक्षेत मात्र पुस्तकातलं वाक्य लिही म्हणावं, आणि त्याखाली "ॲल्युमिना क्रायोलाइटमध्ये विरघळते" ही ओळ जोडायची. दोन्ही लिहिल्यावर मार्क जाणार नाहीत.

निवृत्त पॉटमन

बाई, "जागच्या जागी" पूर्ण नाही. थोडं फ्लोराइड धुरातून जातंच. ते गाळून परत आणतात, तरी अधूनमधून ॲल्युमिनियम फ्लोराइड घालावं लागतं. बाकी सगळं बरोबर.

आणि वीज गेली तर काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. तासभर निभतं. चार-पाच तास गेले की बाथ गोठायला लागतो. एका पावसाळी रात्री आमची अर्धी लाइन गोठली. गोठलेला पॉट म्हणजे दगड. तो ड्रिलनं फोडून पुन्हा उभा करायला महिने गेले. त्या रात्री वरिष्ठांनी सगळा ठपका पाळीवरच्या पोरांवर ठेवला. खरं म्हणजे वीज आणणारा दुसरा फीडर चालू नाही हे आम्ही आधीच लेखी कळवलं होतं. ते कागद कुणी उघडले नाहीत.

घणसोली ते बेलापूर

काका, तुमचं हे वाचून पाऱ्याच्या सेलवरचे माझे सोबती आठवले. तुम्ही लिहीत राहा.

कळव्याची वैशाली

मंडळी, लेकीला शेजारी बसवून सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. हळदीचा प्रयोग गॅलरीत झाला, दोन मिनिटांत बॅटरी काढली. लाल ढग दिसल्यावर तिनं आजीला हाक मारली आणि आजीनं विचारलं, "कुंकू टाकलंस का त्यात?"

पॉटमन काकांचा परिच्छेद तिनं दोनदा वाचून घेतला. तिचा नवा प्रश्न: बल्ब तर पॉटला कायम जोडलेला, मग ४ व्होल्टला तो का पेटत नव्हता? मी सांगायच्या आत तिनंच वहीत लिहिलं, "बल्ब जास्त व्होल्टचा असणार. ४ व्होल्टला त्याच्यातून इतकी कमी वीज जाते की तार लाल होत नाही." बरोबर आहे का, काका?

निवृत्त पॉटमन

शंभर टक्के बरोबर. आमचा फोरमन मला हे समजवायला दोन पाळ्या खपला होता. माझ्याकडे गोठलेल्या बाथचा एक पांढरा तुकडा आणि ते बंद पडलेलं घड्याळ आहे. रविवारी सकाळी मी तलावपाळीला फिरायला येतो. तिला घेऊन या, ताई. तुकडा हातात धरून बघू दे, मग घरी जाऊन साबणानं हात धुवायचे.

कळव्याची वैशाली

नक्की येतो, काका. ती आत्ताच विचारतेय, घड्याळाला चावी दिली तर आता चालेल का.